फुग्याखालची दुर्बीण
अवकाशातून येणारे बहुतेक अवरक्त किरण हवेतली वाफ गिळून टाकते; त्यांचा वेध घ्यायचा तर वर चढावेच लागते. अमेरिकेने १९७४ मध्ये कायपर वेधशाळा विमानात बसवली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादेतून दुर्बीण टांगलेले फुगे सोडले, आणि आपल्यासाठी तीच वाट योग्य होती. विमान १२-१३ किलोमीटरवर अडते, फुगा तिसाच्या आसपास पोचतो. उपग्रह असताना हा खटाटोप कशाला, हा आक्षेप वजनदार आहे. उपग्रह महिनोन्‌महिने पाहतो, फुग्याला काही तासच मिळतात. पण १९८३ च्या आयरास उपग्रहाचा आरसा ५७ सेंटिमीटरचा, आपल्या दुर्बिणीचा १०० सेंटिमीटरचा. ताऱ्यांची जन्मस्थळे त्यातून अधिक बारकाईने दिसली. शिवाय पॅराशूटने उतरलेली दुर्बीण पुन्हा वापरता येते. पुढे तिच्यावर जपानी वर्णपटमापक चढवून आयनीभूत कार्बनची १५८ मायक्रॉनची रेषा मोजली गेली.