माहुलची चिकणमाती आणि पाण्याचा दाखला

मुंबईतल्या माहुलच्या तेलटाक्यांचा विषय निघाला की हवेबद्दल पुष्कळ बोलले जाते. जमिनीबद्दल मात्र सर्रास एकच सांगितले जाते: खाली खाडीची चिकणमाती आहे, दाबून बसवली की तिच्यातून काही झिरपत नाही. हे मला मान्य नाही.

त्या म्हणण्याला आधार आहे. कचराभूमीच्या तळाला २०१६ च्या घनकचरा नियमांनी प्लॅस्टिकच्या पडद्याखाली ९० सेंटिमीटर चिकणमाती सांगितली आणि तिची पारगम्यता, म्हणजे द्रव झिरपू देण्याचा वेग, सेकंदाला सेंटिमीटरच्या एक कोट्यंशाहून अधिक नसावी अशी अट घातली. नीट दाबलेली माती ही अट पाळते. पण हा आकडा मातीतून पाणी झिरपवून काढलेला असतो, आणि टाकीत पाणी नसते.

चिकणमातीच्या पातळ पापुद्र्यांवर ऋण विद्युतभार असतो. त्यांच्याभोवती पाण्याचा आणि क्षारांच्या आयनांचा थर फुगून झिरपण्याच्या वाटा बुजवतो. हा थर किती फुगेल ते द्रवाच्या डायइलेक्ट्रिक स्थिरांकावर, म्हणजे विद्युतभारांमधली ओढ क्षीण करण्याच्या क्षमतेवर, अवलंबून असते: पाण्याचा सुमारे ८०, इथेनॉलचा २४, बेंझिनचा जेमतेम २.३. हा आकडा घसरला की थर आक्रसतो, पापुद्रे गोळा होतात, भेगा पडतात.

यावर प्रतिपक्षाचा खरा बिनतोड मुद्दा असा: ओल्या मातीत तेल शिरतच नाही, कारण ते पाण्यात मिसळत नाही. बरोबर आहे. कॅनडातील सार्निया या तेलशुद्धीकरणाच्याच गावच्या मातीवर फर्नांडिस आणि क्विग्ली यांनी केलेल्या, १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही हेच दिसले. परंतु आधी इथेनॉल सोडून मग बेंझिन सोडले, तेव्हा पारगम्यता प्रचंड वाढली. पाण्यात आणि तेलात दोन्हींत मिसळणारे इथेनॉल वाट मोकळी करून देते. आज पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी तेच इथेनॉल डेपोंत साठवावे लागते.

पाण्यात थोडेसे मिसळलेले रसायन मातीला फारसे बिघडवत नाही, आणि वरून पुरेसा भार असेल तर आकुंचनाच्या भेगाही दबतात. मात्र सांडलेला द्रव साठतो तो टाकीभोवतीच्या बांधाच्या आत, आणि तिथल्या उघड्या जमिनीवर टाकीचा भार नसतो. शिवाय सांडते ते पातळ न केलेलेच.

म्हणून माहुलमध्ये जमिनीच्या सुरक्षिततेचा दाखला देणाऱ्यांना आग्रहाची विनंती: त्या बांधातली माती घ्या, त्या टाकीतला द्रव घ्या, मातीतले पाणी पुरते बदलेपर्यंत चाचणी चालू ठेवा आणि आलेला आकडा माहुलकरांसमोर मांडा.