भरतीचे दरवाजे

वडील मुंबईच्या प्रिन्सेस डॉकमध्ये टॅली क्लार्क होते. 1880 ची ही गोदी. तिचे दरवाजे भरतीलाच उघडत, त्यामुळे जहाज कधी आत येणार हे तिथीवरून कळे. ती होण्याआधी माल खोल पाण्यातल्या जहाजातून पडावात आणि पडावातून धक्क्यावर यायचा. गोदीने ती मधली खेप वाचवली. बाकी सगळं अंगमेहनतीचंच: आकडा गोणीत रुतवायचा, स्लिंग भरायची, विंचने वर ओढायची, की वडिलांची वहीत एक रेघ, पाचवी आडवी. फाटक्या गोणीवरून भांडणं होत ती वेगळीच! 1989 मध्ये खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. तिथे क्रेन मालाने भरलेली अख्खी कंटेनर-पेटीच उचलते. वेग वाढला हे खरं, पण माझ्या मते त्याची किंमत गोदीतल्या कामगारांच्या टोळ्यांनी मोजली. वडिलांनी मात्र एवढंच विचारलं, “मग गोण्या मोजतं कोण?”