छत्राच्या दारापलीकडचे रुग्ण

कावेरीकाठचे तिरुवैयारु त्यागराजांच्या समाधीमुळे ख्यात आहे. तेथील कल्याण महाल तंजावरच्या मराठा राजवटीची साक्ष देतो. या राजवटीची छत्रे वाटसरूंना अन्न आणि आजाऱ्यांना औषध देत. सरफोजी राजांनी १८०१ साली ब्रिटिश रेसिडेंटला लिहिलेल्या पत्रात या व्यवस्थेचे वर्णन आहे. मात्र छत्रात उपचार होत ते दाराशी येणाऱ्यावर.

कावीळ तेव्हा डोळ्यांच्या पिवळेपणावरून ओळखली जाई. हिपॅटायटिस ‘बी’ आणि ‘सी’ मात्र वर्षानुवर्षे लक्षणांविना यकृत पोखरतात. १९६५ साली ब्लुम्बर्ग यांनी ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तातील प्रतिजनाची नोंद प्रसिद्ध केली. पुढे तो ‘बी’ विषाणूचाच अंश ठरला. ‘सी’ची ओळख १९८९ साली पटली. मग चाचण्या आल्या आणि न दिसणारे रुग्ण मोजता येऊ लागले.

सुईने नशा करणारे, कैदी, वारंवार रक्त घ्यावे लागणारे रुग्ण यांच्यात प्रादुर्भाव सर्वसाधारण लोकसंख्येहून अधिक आढळतो. याचे कारण सामायिक सुया आणि असुरक्षित रक्त. शीलाशी त्याचा संबंध नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली भारतात ‘बी’चे २.९८ कोटी व ‘सी’चे ५५ लाख बाधित होते.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व उपचार मोफत आहेत. ‘सी’ तर गोळ्यांनी काही आठवड्यांत बहुतेकांचा बरा होतो. औषध आहे, लस आहे. परंतु लक्षण नसलेला माणूस दाराशी येत नाही. आजच्या छत्रालाच त्याच्या वस्तीपर्यंत जावे लागेल.