रांगेतला वेळ जातो कुठे?

१९९६ सालच्या दिवाळीआधीचा आठवडा. बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या शाखेत मी तेव्हा संगणकचालक होतो. युनिक्सवर चालणारे एकच यंत्र आणि त्याला जोडलेली सहा टर्मिनल्स. कारखान्याने ऊसबिलाचा शेवटचा हप्ता खात्यांवर जमा केला होता आणि उजाडल्यापासून शेतकरी शाखेच्या पायऱ्यांवर बसून होते. नेमका त्याच दुपारी मुख्य कार्यालयाला सहामाही व्याजाचा तक्ता तातडीने हवा झाला. “आधी तो काढा,” शाखाधिकारी म्हणाले.

युनिक्समध्ये ‘नाइस’ नावाची आज्ञा असते. कामाला मोठा आकडा दिला की ते सौजन्याने मागे सरते, उणे आकडा दिला की पुढे घुसते. उणे आकडा देण्याचा अधिकार यंत्राच्या मुख्य वापरकर्त्याचा, म्हणजे त्या शाखेत माझा. मी तो दिला. मग एकेक खाते पडद्यावर यायला इतका वेळ लागू लागला की खिडकीपाशी उभे असलेले एक आजोबा म्हणाले, “लेका, तुझी मशीन झोपली का काय?”

मशीन झोपली नव्हती. ती जीव तोडून काम करत होती, फक्त आजोबांचे नाही.

या प्रसंगामागचे गणित मला बऱ्याच वर्षांनी भेटले, हैदराबादच्या कोठीतल्या जुन्या पुस्तकांच्या बाजारात. लिओनार्ड क्लाइनरॉक यांच्या ‘क्यूइंग सिस्टिम्स’चा १९७६ चा दुसरा खंड. माझे गणित बारावीपर्यंतचे, त्यामुळे एकेका पानाला आठवडा लागे. पण पुस्तक सोडवेना.

रांगेचे शास्त्र संगणकाहून जुने आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या ए. के. एरलांग यांनी १९०९ साली दूरध्वनीच्या कॉलांवर पहिला निबंध लिहिला. रांगेत सगळे सारखे नसतात, काहींना आधी घ्यावे लागते, याचा हिशेब अॅलन कोबम यांनी १९५४ साली मांडला. मात्र त्या मांडणीत हाती घेतलेले काम पुरे झाल्यावरच पुढचे सुरू होई. सुरुवातीचे संगणकही असेच चालत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेल्या सीडीसी ३६०० वरही छिद्रित कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबायचे, अशीच रीत होती.

दरम्यान अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये वेगळाच प्रयोग दाखवला होता. यंत्र प्रत्येकाला क्षणभर वेळ देई, काम अर्धवट असले तरी पुढच्याकडे वळे आणि फिरून परत येई. क्लाइनरॉक यांनी १९६४ साली या फिरत्या पाळीचे गणित केले. १९६७ मध्ये त्यांनी तो क्षण कल्पनेत शून्यापर्यंत लहान केला. म्हणजे यंत्रापुढे दहा कामे असली तर प्रत्येकाला एकाच वेळी यंत्राचा दहावा हिस्सा. यातून निघणारे उत्तर मला फार आवडले. यंत्र ८० टक्के व्यग्र असेल तर प्रत्येक काम सरासरी पाचपट लांबते, ९० टक्के असेल तर दहापट. काम लहान असो की मोठे, पट तीच.

त्याच निबंधात त्यांनी विषम वाटणीही मांडली. वर्ग पाडायचे आणि वरच्या वर्गाला मोठा हिस्सा द्यायचा. साखर कारखान्याचे आवार पाहिलेल्यांना यात नवल वाटणार नाही. गव्हाण एकच, पण बैलगाड्यांची रांग निराळी, ट्रकांची निराळी, आणि कुठल्या रांगेतून किती वाहने सोडायची हे ठरवणारा माणूस आवारात उभा. (त्याच्याशी ओळख काढण्यात आमच्या भागातल्या माणसांच्या कितीतरी रात्री गेल्या आहेत.) या विषम वाटणीचे नीट विश्लेषण फायोल, मित्रानी आणि यास्नोगोरोद्स्की यांनी १९८० साली केले. त्यातली एक गोष्ट चकित करणारी आहे. काम फार मोठे असेल, तर त्याला हिस्सा कितीही द्या, त्याचे लांबणे शेवटी समान वाटणीतल्या पटीकडेच सरकत जाते. कारण ते चालू असताना येत राहणारी बाकीची कामेही यंत्राला केव्हातरी उरकावीच लागतात.

पण माझी झोप उडवली ती क्लाइनरॉक यांच्याच १९६५ सालच्या नियमाने. काम मध्येच तोडायचे नाही आणि काम असताना यंत्र रिकामे ठेवायचे नाही, एवढे पाळले तर प्राधान्य कुणालाही द्या, एक बेरीज बदलत नाही. प्रत्येक वर्गाचे सरासरी थांबणे त्या वर्गाने यंत्रावर टाकलेल्या भाराने गुणायचे आणि सगळे मिळवायचे, ती ही बेरीज. मी कागदावर करून पाहिले. तक्ता ३० मिनिटांचा आणि सहा माणसे, प्रत्येकाचे काम एका मिनिटाचे. तक्ता आधी घेतला तर माणसे ३०, ३१, ३२ अशी ३५ मिनिटांपर्यंत थांबतात, बेरीज १९५. माणसे आधी घेतली तर त्यांचे थांबणे ० ते ५, एकूण १५. तक्ता थांबतो ६ मिनिटे, त्याला ३० ने गुणून १८०. बेरीज पुन्हा १९५!

म्हणजे कुणाला पुढे काढले म्हणून थांबणे नाहीसे होत नाही, ते दुसऱ्याच्या खात्यावर टाकले जाते. पण हा झाला भाराचा हिशेब. भार बाजूला ठेवून नुसती मिनिटे मिळवली तर पहिल्या रीतीत ती १९५ होतात आणि दुसरीत फक्त २१. पहिल्या रीतीत तक्ता सहा मिनिटे लवकर निघतो आणि त्यासाठी सहाही जणांना प्रत्येकी अर्धा तास जास्त ताटकळावे लागते. बँकेतले आमचे यंत्र कामे तोडून तोडून करी, त्यामुळे हा हिशेब तिथे जसाच्या तसा लागू नाही. पण मी उणे आकडा दिला होता तो सर्वांत लांब कामाला, आणि पुढे घातलेल्या लांब कामाची किंमत तिथेही छोट्या कामांनीच मोजली.

त्या दिवशी तक्ता पावणेपाचला छापून झाला. तो न्यायला मुख्य कार्यालयाचा माणूस दुसऱ्या दिवशी दुपारी आला. आजोबांच्या गावाची शेवटची एसटी सव्वापाचची होती. ती धरायला ते निघून गेले, तेव्हा त्यांच्या टोकनाच्या आधीचे अकरा नंबर पुकारायचे राहिले होते.