वायरलेसचे दोन कारभारी

आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण एके काळी एकाच लॅपटॉपमध्ये वाय-फायचे दोन-दोन कारभारी असायचे. एक विंडोजबरोबर आलेला, दुसरा कार्ड बनवणाऱ्या नाहीतर लॅपटॉप विकणाऱ्या कंपनीने घातलेला. खाली घड्याळाशेजारी दोघांची दोन चित्रं. एकावर हिरव्या रेघा, दुसऱ्यावर लाल फुली... आणि दोघंही बोलतायत एकाच जोडणीबद्दल!

हे असं झालं कसं? ८०२.११बी हे मानक १९९९ चं. त्याच वर्षी जुलैमध्ये ॲपलने आयबुकबरोबर एअरपोर्ट आणलं. तिथे प्रश्नच नव्हता, यंत्र त्यांचं आणि प्रणालीही त्यांचीच. विंडोजच्या जगात मात्र कार्ड एकाचं, लॅपटॉप दुसऱ्याचा, प्रणाली तिसऱ्याची. विंडोज ९८ ला वायरलेसमधलं फारसं काही कळत नसे, त्यामुळे प्रत्येक कार्डवाला आपापली सीडी द्यायचा. ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आलं आणि त्यात 'वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन' नावाची सेवा होती. म्हणजे तुम्ही शून्य करा, बाकी आम्ही बघतो.

पण कार्डवाले हटले नाहीत, आणि त्यांचंही अगदीच चूक नव्हतं. २००१ मध्येच फ्लुहरर, मँटिन आणि शमीर यांनी डब्ल्यूईपी या जुन्या कुलपातली खोट दाखवून दिली. मग २००३ मध्ये डब्ल्यूपीए आलं, २००४ मध्ये डब्ल्यूपीए-२. विंडोज मागून धावत होतं. ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ मध्ये डब्ल्यूपीए आणि जरा बघण्यासारखी यादी मिळाली, डब्ल्यूपीए-२ साठी २००५ मध्ये वेगळा तुकडा उतरवून घ्यावा लागला. शिवाय थिंकपॅडचं ॲक्सेस कनेक्शन्स घर आणि ऑफिस असे वेगळे संच ठेवायचं, जागा बदलली की प्रिंटरसुद्धा बदलायचं. (हे मला अजूनही आवडतं.)

आणि विंडोजच्या कारभाऱ्याच्या खोडी! तो दर मिनिटाला आजूबाजूला कोण आहे ते बघत बसायचा. ओळखीचं नेटवर्क सापडलं नाही, की आधी जोडलेल्या एखाद्या थेट दोन संगणकांमधल्या नेटवर्कचं नाव स्वतःच प्रसारित करायचा. विमानतळांवर 'फ्री पब्लिक वायफाय' दिसायचं ना, त्याचा उगम हाच. फुकट इंटरनेट तिथे नव्हतंच. कुणीतरी त्याला जोडून बघायचा, मग त्याचाही लॅपटॉप तेच नाव ओरडत फिरायचा. सर्दीसारखं.

आता माझ्या पदरची गोष्ट. २००६ साल, पुण्याची मामी. मुलगा न्यू जर्सीला, रविवारी सकाळी स्काईप (तेही २०२५ मध्ये बंद झालं). मामांना तेव्हा दम लागायचा, सलग पाच-सात मिनिटंच बोलणं जमायचं, आणि त्यातली दोन जायची तुटलेली जोडणी परत लागेपर्यंत. मामी म्हणाली, "एका चुलीपाशी दोन स्वैपाकिणी उभ्या केल्यायत तुम्ही." निदान अचूक होतं! दोन्ही कारभारी एकाच कार्डाची दोरी ओढत होते.

बराच वेळ विचार केला. कंपनीचा प्रोग्राम सिग्नल नीट दाखवायचा, माहितीही जास्त द्यायचा. पण तो अडला तर मामी एकटी काय करणार? विंडोजची खिडकी गल्लीतल्या कुठल्याही पोराला माहीत होती. म्हणून कंपनीचा ड्रायव्हर ठेवला, कारभारी काढला, तो २००५ चा तुकडा घातला आणि 'विंडोजने सांभाळावं' या चौकोनात खूण केली. दर मिनिटाची किंचित उचकी राहिली, तुटणं थांबलं. पुढच्या रविवारी मामा सलग नऊ मिनिटं बोलले. मामीने घड्याळ लावलं होतं.

विंडोजने आपली बाजू पुढे सुधारली. २००७ च्या व्हिस्टामध्ये जुनी सेवा जाऊन नवी आली, एक्सपीची ती विमानतळाची खोड २००८ च्या सर्व्हिस पॅक ३ ने काढली. दुसरे कारभारी हळूहळू दिसेनासे झाले, कुणी हाकललं असं नाही. एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहिल्या. मामीचा लॅपटॉप तेव्हाही चालू होता, त्याच खुणेवर.