हत्तीच्या पाठीवरचे राजे

सातवाहनांचं नाणं म्हटलं की सोनं डोळ्यांसमोर येतं ना? निराशा करतो, मंडळी. आपल्या विदर्भात त्यांची जी नाणी सापडतात ती बहुतेक पोटीनची. पोटीन म्हणजे तांबं, कथील नि शिसं यांचं मिश्रण. बाजारहाटाची चिल्लरच म्हणा. एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, त्याच्याभोवती ब्राह्मी लिपीत राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला अधिक चिन्हाने जोडलेली चार वर्तुळं. अभ्यासक त्याला उज्जयिनी चिन्ह म्हणतात.

१९३९ साली मंगरुळपीरजवळच्या तऱ्हाळा गावात (तेव्हा अकोला जिल्हा, आता वाशीम) अशी सुमारे १६०० नाणी एकत्र सापडली. त्यांचा अभ्यास केला नागपूरच्या वा. वि. मिराशींनी. संस्कृतचे प्राध्यापक! ताम्रपट आणि शिलालेख वाचण्यात मुरलेला माणूस.

पण ही नाणी वाचणं म्हणजे डोकेदुखी. ठसा मोठा, नाणं लहान. त्यामुळे नावाचा थोडा भाग नेहमी कडेबाहेर राहतो. एका नाण्यावर ‘सातक’ दिसतं, दुसऱ्यावर आधीची दोन अक्षरं, तिसऱ्यावर शेवटचं ‘णिस’. शेकडो नाणी शेजारी ठेवली की मगच राजा पुरा होतो. असे कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी बाहेर आले. पुराणांतल्या याद्यांत यांची नावंच नाहीत. उलट विजय हा राजा पुराणांत होता, त्याला इथे नाण्याचा पुरावा मिळाला. पुराणकारांनी विसरलेली माणसं चिल्लरीने लक्षात ठेवली, याची मला फार गंमत वाटते.

साधारण त्याच शतकात, तिकडे डॅन्यूब नदीच्या काठी (आजच्या सर्बियात) विमिनासियम या रोमन लष्करी ठाण्याच्या गावी इ.स. २३९ पासून ब्राँझची नाणी निघत होती. मधे एक स्त्री, दोन्हीकडे बैल आणि सिंह, ही दोन पलटणींची चिन्हं. आणि खाली चक्क वर्षाचा आकडा! तसलं नाणं एकटं सापडलं तरी आपली तारीख सांगतं. आपल्या हत्तीवर साल नाही. कुठला राजा आधी, कुठला नंतर, हे ठरवायला सोबत काय निघालं ते बघावं लागतं.

म्हणून ही नाणी जुन्या बाजारात किंवा इंटरनेटवर सुटी विकायला दिसली की पोटात कालवतं. किंमत फार नसते. पण ढीग फोडला की उरलेला अर्धा राजा कुणाच्या कपाटात गेला हे कधी कळायचं नाही. १८७८ चा कायदा आहे: दहा रुपयांहून जास्त किमतीचं पुरलेलं धन सापडलं तर कलेक्टरला कळवायचं. गावाकडच्या काका-मामांनो, नांगराला असलं काही लागलं तर घासूनपुसून वाटून टाकू नका. आहे तसं, सगळं एकत्र ठेवा, आणि हो, फुटकं मडकंसुद्धा.