‘श्वास’चे वर्ष आणि पाच नावांची यादी

मराठी चित्रपटाच्या इतिहासात २५ जानेवारी २००५ ही तारीख सहसा नोंदवली जात नाही. त्या दिवशी ७७व्या ऑस्कर पुरस्कारांची नामांकने जाहीर झाली आणि परभाषिक चित्रपटांच्या पाच नावांत संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ नव्हता. महाराष्ट्रभर हळहळ व्यक्त झाली, चार दिवस चर्चा रंगली आणि विषय संपला. त्या हळहळीत काय होते आणि काय राहून गेले, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनी करायला हवा, असे आम्हांला वाटते.

ही हळहळ समजून घ्यायची तर थोडे मागे जावे लागते. आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. त्या वेळी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात नव्हते. आमचे बदनापूर तर तेव्हा हैदराबाद राज्यात, औरंगाबाद जिल्ह्यात होते. १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात, आणि जालना जिल्हा १९८१ साली झाला. तीन प्रांतांत विखुरलेल्या मराठी माणसाला दिल्लीच्या त्या पदकात आपल्या भाषेची एकत्र ओळख दिसली असेल, तर त्यात नवल नाही. पुरस्कार आणि भाषिक अस्मिता यांची गाठ तिथेच पडली. त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मराठीत यायला पन्नास वर्षे जावी लागली. ते ‘श्वास’मुळे आले. साहजिकच एवढ्या वर्षांचा सगळा अनुशेष त्या एका चित्रपटाच्या खांद्यावर येऊन बसला.

भारताची अधिकृत प्रवेशिका म्हणून ‘श्वास’ची निवड झाल्यावर हे ओझे आणखी वाढले. त्या काळी अकादमीचे सभासद प्रत्यक्ष प्रदर्शनाला हजर राहून चित्रपट पाहत आणि गुण देत. सुमारे पन्नास देशांच्या गर्दीत त्यांना आपल्या प्रदर्शनाकडे वळवायचे म्हणजे प्रसिद्धीचा खर्च आला, आणि निर्मात्यांपाशी तेवढा पैसा नव्हता. मग वर्गणी सुरू झाली. शाळकरी मुलांपासून नामवंतांपर्यंत अनेकांनी हातभार लावला. गणेशोत्सवासाठी, वाचनालयासाठी, दुष्काळासाठी वर्गणी काढणाऱ्या समाजाने चित्रपटासाठी वर्गणी काढावी, ही गोष्ट सुंदरच होती. परंतु वर्गणी दिलेल्या माणसाला निकालाची ओढ लागते. ‘श्वास’ पाहिलात का, हा प्रश्न मागे पडला आणि ‘श्वास’ला मिळेल का, हा प्रश्न पुढे आला.

नामांकन हुकल्यावर कारणे सांगितली गेली ती दोन: पैसा कमी पडला आणि आपली भाषा, आपले खेडे त्यांना कळले नाही. पहिल्या कारणात तथ्य असेलही. दुसरे मात्र त्या यादीपुढे टिकत नाही. स्पेनचा ‘द सी इनसाइड’ (अखेर पुरस्कार यालाच मिळाला), जर्मनीचा ‘डाउनफॉल’, फ्रान्सचा ‘द कोरस’, स्वीडनचा ‘ॲज इट इज इन हेवन’ आणि दक्षिण आफ्रिकेचा ‘यस्टरडे’, अशी ती पाच नावे. यातला ‘यस्टरडे’ झुलू भाषेतला आहे. एका दुर्गम खेड्यातली आई आजारी पडते, लेकीला सोबत घेऊन कोसभर चालत दवाखान्यात जाते, रांगेत उभी राहते. तिचा नंबर येण्यापूर्वीच डॉक्टरांची वेळ संपते. तिला एचआयव्हीची बाधा झाली आहे, हे पुढे कळते. लेक शाळेत जाईपर्यंत जगायचे, एवढीच तिची इच्छा. हे खेडे आणि ही रांग अकादमीला कळली होती.

हे पाहिल्यावर त्या वर्षाचे एक वेगळे चित्र समोर येते. ‘द सी इनसाइड’मधला अंथरुणाला खिळलेला रामोन साम्पेद्रो स्वतःच्या मृत्यूचा अधिकार मागतो. ‘यस्टरडे’मधली आई औषधोपचारापर्यंत पोहोचण्यासाठीच झगडते. आणि ‘श्वास’मध्ये कोकणातले आजोबा नातवाला घेऊन पुण्याला येतात, तेव्हा त्यांना कळते की डोळ्यांच्या कर्करोगापासून पोराचा जीव वाचवायचा तर त्याची दृष्टी द्यावी लागेल. तिन्ही चित्रपटांत आजारी देह, आधुनिक वैद्यक आणि त्या दोहोंमध्ये उभे असलेले घरचे माणूस आहे. तीन भाषांनी एकाच वेळी एकच प्रश्न विचारला होता. तौलनिक अभ्यासाची अशी संधी क्वचित येते. आपण ती हारजितीच्या हिशेबात घालवली.

‘श्वास’चा गाभा शस्त्रक्रियेत नाही, तो सांगण्यात आहे. डॉक्टरांचा आग्रह असा की पेशंटला, मग तो लहान मुलगा का असेना, काय होणार आहे ते आधी सांगितले पाहिजे. आजोबांच्या तोंडून मात्र शब्द निघत नाही. माधवी घारपुरे यांच्या कथेतून आलेला हा पेच मुळात भाषेचा पेच आहे. आमच्या तालुक्यातली माणसे मोठ्या दुखण्यासाठी छत्रपती संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात जातात. हातात कागदांची पिशवी, त्या कागदांवर न वाचता येणारी अक्षरे, आणि ‘डॉक्टर काय म्हणाले?’ या प्रश्नाला ‘बघू म्हणाले’ एवढेच उत्तर. अरुण नलावडे यांचे आजोबा आमच्या विद्यार्थ्यांना कोकणातले वाटत नाहीत, ते घरातलेच वाटतात. या अनुभवाला लॉस एंजेलिसच्या शिक्क्याची गरज होती का?

गरज नव्हती, असे म्हणून हात झटकणेही प्रामाणिकपणाचे नाही. ‘श्वास’च्या यशाने मराठी चित्रपटाला नवा धीर दिला, हे खरेच आहे. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ आणि ‘कोर्ट’ हे मराठी चित्रपट पुढे भारताच्या प्रवेशिका झाले. तिथेही नामांकन आले नाही. त्याहून आम्हांला खटकतात ती दारातच थांबलेली नावे. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ २०१४ साली प्रदर्शित झाला. त्या वर्षी प्रवेशिका गेली ‘लायर्स डाइस’ची. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’ला २०२० साली व्हेनिसमध्ये पटकथेचा पुरस्कार मिळाला, प्रवेशिका ‘जल्लिकट्टू’ची. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५ साली सनडान्सचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळवला; प्रवेशिका ‘होमबाउंड’ची. निवडलेले चित्रपट उणे होते, असे आमचे म्हणणे नाही. एका देशाने एकच चित्रपट पाठवायचा, हा नियमच अनेक भाषांच्या देशाला अपुरा पडतो. मराठीला पहिली लढत आपल्याच घरात द्यावी लागते.

तरीही ‘फँड्री’तला शेवटचा दगड कोणत्या समितीने पाहिला, यापेक्षा तो आपल्या वर्गात कोणाला लागला, हे आमच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. ‘कोर्ट’मध्ये एका लोकशाहिराच्या गाण्याचा न्यायालयात लावला जाणारा अर्थ हा तर साहित्याच्या वर्गासाठी जणू मुद्दाम लिहिलेला धडा आहे. कवितेचा अर्थ कोण ठरवतो, आणि तो चुकीचा लावला तर कोणाला तुरुंगात जावे लागते? चित्रपटाला नामांकन मिळाले असते, तरी हा प्रश्न असाच उरला असता.

पाच नावांची यादी एका वर्षापुरती असते. ‘श्वास’, ‘यस्टरडे’ आणि ‘द सी इनसाइड’ एकत्र ठेवून पाहण्याचे काम २००५ साली राहून गेले. ते आजही करता येण्यासारखे आहे. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी तेवढेच घेतले, तरी त्या वर्गणीचे चीज झाले असे आम्ही म्हणू.